हेरिंगची पिंपे आणि आम्ही

आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी मासा खाल्ला असेल असे आम्हांस वाटत नाही. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य मानणाऱ्या घरात आमचा जन्म झाला. मासळीबाजारावरून जाण्याचा प्रसंग आलाच, तर आमच्या मातोश्री पदर नाकाला लावून आम्हांस रस्त्याच्या पलीकडच्या बाजूस ओढून नेत. अशा आमच्या नावामागे विद्यापीठाने जी पदवी चिकटविली आहे ती मात्र निव्वळ मासळीच्या कृपेची आहे. स्कॉटलंडातून परदेशी रवाना होणाऱ्या खारवलेल्या हेरिंगचा व्यापार, सन १७८६ ते १९१४, हा आमच्या प्रबंधाचा विषय होता. हेरिंग दिसतो कसा हे आम्ही चित्रात पाहिले होते. त्याचा वास कसा असतो याची कल्पनाही नव्हती. आणि तरीही त्या माशाच्या किती पिंपांवर कोणत्या साली कोणता छाप पडला हे आम्ही झोपेतून उठूनही सांगू शकत होतो. विद्वत्ता म्हणतात ती बहुधा अशीच असते.

हा विषय आमच्या गळ्यात पडण्याचे कारण ॲडम स्मिथ. राष्ट्रांच्या संपत्तीवरील त्याचा ग्रंथ १७७६ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात सरकारी अनुदानांची झडती घेताना त्याने हेरिंगचे उदाहरण असे काही खुलवून सांगितले आहे की, रुक्ष विषयाच्या वर्गातही मुले हसतात. हेरिंग धरण्यासाठी मोठी गलबते बांधावीत म्हणून इंग्लंडचे सरकार गलबताच्या वजनावर, दर टनामागे, अनुदान देत असे. मासळी किती सापडली याच्याशी त्या रकमेचा संबंध नव्हता. तेव्हा शहाण्या लोकांनी मासळीच्या मागे न लागता अनुदानाच्या मागेच गलबते लावली. १७५९ साली अनुदान टनामागे पन्नास शिलिंग होते, आणि त्या साली स्कॉटलंडच्या या साऱ्या तांड्याने समुद्रावर खारवलेली एकंदर चार पिंपे आणली. प्रत्येक पिंप सरकारास ११३ पौंड १५ शिलिंगांस पडले, असा हिशेब स्मिथने मांडला आहे. 'चार पिंपे' हे शब्द आम्ही वर्गात दरवर्षी जरा थांबून उच्चारीत असू. हशा ठरलेला. पंचवीस वर्षे आम्ही त्या चार पिंपांवर निर्वाह केला म्हटले तरी चालेल.

पुढे मासळी खारवण्याच्या पद्धतीवरही आम्ही एक व्याख्यान देत असू, आणि आमच्या मते ते बरे होत असे. हेरिंगचे थवे दरवर्षी ठरावीक हंगामात किनाऱ्याजवळ येतात आणि एका रात्रीत जाळी फाटेतो मासळी लागते. इतकी मासळी त्या गावाने खाऊन संपण्याजोगी नसते, आणि दुसऱ्या दिवशी ती नासू लागते. म्हणजे जिथे मासा आहे तिथे खाणारे नाहीत, आणि खाणारे आहेत तिथे मासा ताजा पोहोचत नाही. या दोहोंमध्ये मीठ आणि पिंप एवढाच पूल. हा पूल प्रथम उत्तम बांधला तो डच लोकांनी. बीर्व्ह्लिट गावच्या विलेम ब्यूकेल्सझोन नावाच्या माणसाने चौदाव्या शतकात ती युक्ती काढली अशी त्यांच्याकडे आख्यायिका आहे, आणि सम्राट पाचव्या चार्ल्सने त्याच्या थडग्याला भेट दिली होती म्हणतात. मासळी खारवणाऱ्याच्या थडग्याशी बादशहा उभा राहतो हे दृश्य आम्हांस फार आवडत असे. डचांची नक्कल करण्यात स्कॉच लोकांनी पुष्कळ पैसा आणि एक शतक घालविले. शेवटी एकोणिसाव्या शतकात ती त्यांना साधली, आणि गुरूचा धंदा शिष्याने बळकाविला.

रीत अशी. मासे किनाऱ्यावरच्या लांब लाकडी हौदात ओतीत आणि वरून भरड मीठ फेकीत, म्हणजे निसरडा मासा हातात ठरे. मग बायका आखूड सुरीने एका हिसक्यात कल्ले आणि आतडी बाहेर काढीत. मिनिटाला चाळीसपासून साठांपर्यंत मासे एका बाईच्या हातून साफ होत. काढतानाच मासा लहान की मोठा, पोटात गाभोळी आहे की तो अंडी टाकून रिकामा झाला आहे, हे ओळखून निरनिराळ्या टोपल्यांत फेकायचा. त्यानंतर पिंपात थर: मासे पाठीवर उताणे, डोकी पिंपाच्या कडेला, वर मिठाचा थर, पुढचा थर आधीच्या थरास आडवा. आठ-दहा दिवसांत माशाच्या अंगचेच पाणी सुटून मिठात मिसळते आणि सारी मासळी त्या खाऱ्या पाण्यात बुडते व खाली बसते. तेव्हा जादा पाणी काढून, त्याच दिवशीच्या मासळीने पिंप पुन्हा काठोकाठ भरायचे, झाकण घट्ट बसवायचे, आणि काढलेले पाणी बुचाच्या भोकातून परत आत सोडायचे. पिंप २६⅔ गॅलनांचे. आकाराप्रमाणे त्यात सुमारे सातशे ते हजार मासे मावत. सरकारी अंमलदार येऊन त्यांतली काही पिंपे उघडून पाही. माल पसंत पडला तर तापलेल्या लोखंडाने पिंपावर राजमुकुटाचा ठसा उठवी. हा ठसा असला की श्टेटिन, डान्ट्सिग, क्योनिग्झबर्ग येथला व्यापारी पिंप न उघडता पैसे मोजीत असे. न पाहिलेल्या मालावर न पाहिलेल्या माणसाने विश्वास टाकणे हाच मोठ्या व्यापाराचा प्राण आहे, असे एक वाक्य आम्ही इथे टाकीत असू, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ते शंभर वेळा परत वाचीत असू.

२०१७ च्या पावसाळ्यात हे व्याख्यान आम्ही असेच रंगात येऊन देत होतो. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. मालवणकडची होती, एरव्ही फारशी बोलत नसे.

"सर, एक विचारू? हे लोक हेरिंग उन्हात का वाळवीत नाहीत? पिंप, मीठ, सुतार, सगळाच खर्च वाचेल."

प्रश्न अर्थशास्त्राचा होता आणि चांगला होता. आम्ही म्हटले, "स्कॉटलंडात ऊन कुठे आहे?" वर्ग हसला. ती हसली नाही.

"पण सर, तुम्हीच मागे सांगितलेत की नॉर्वेत कॉड वाऱ्यावर वाळवतात. तिथे तरी ऊन कुठे आहे?"

आम्ही घड्याळाकडे पाहिले. घड्याळ अशा वेळी नेहमी दगा देते. आम्ही निळ्या पुठ्ठ्यांचे शेकडो अहवाल वाचले होते आणि हा प्रश्न आमच्या मनात एकदाही आला नव्हता. तिनेच मग आमची सुटका केली. ती म्हणाली, "तेलाची मासळी असणार. आमच्याकडे बोंबील वाळतो, कारण त्याच्या अंगात तेल नाही. बांगडा, तारली वाळत घातली तर तेल खवट होते. बांगडा मिठातच घालावा लागतो. हेरिंग तारलीसारखा असेल." खाली बसता बसता तिने आणखी एक पुस्ती जोडली: "त्या बायका बोटांना चिंध्या बांधीत असतील ना सर? माझी आई बांधते. सुरी लागली की मीठ जाते."

आम्ही म्हटले, याचा अहवालात उल्लेख नाही.

घरी येऊन आम्ही प्राणिशास्त्राचा कोश उघडला. हेरिंग आणि आपली तारली एकाच कुळातली निघाली. कॉडची चरबी त्याच्या यकृतात साठते, म्हणून त्याचे मांस वाऱ्यावर वाळते; हेरिंगची चरबी सर्वांगात भिनलेली असते, तिला हवा लागली की ती बिघडते, म्हणून त्याला दिवसाच्या आत मिठात घालून हवेपासून झाकून ठेवावे लागते. पिंप पाणी न गळणारे का हवे, म्हणून पिंपे घडविणाऱ्या सुतारांची एवढी मातब्बरी का, म्हणून बाल्टिक प्रदेशातून फळ्यांचे लाकूड का येते आणि तेच लाकूड पिंप होऊन मासळीसह बाल्टिकला परत का जाते, या साऱ्यांचे मूळ त्या तेलात होते. आमच्या प्रबंधात लाकडाच्या आयातीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात तेलाचा शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही ते कबूल केले, हे आमच्या बाजूने नमूद करून ठेवतो. त्या मुलीस आमचा प्रबंध वाचावयास हवा होता. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक प्रत आहे, ती घे, असे आम्ही मोठ्या औदार्याने सांगितले. ती प्रत पंधरा-वीस वर्षांत कोणी नेली नव्हती. तिने ती महिनाभर ठेवून परत केली व त्यावर काही बोलली नाही. आम्हांस थोडे लागले, खोटे का बोला. लेखकाला वाचक कधीच भेटला नाही तर चालते. पण एकच वाचक भेटावा आणि तो गप्प राहावा हे कठीण.

पुढे परीक्षा झाल्या, ती मुलगी पदवी घेऊन गेली. त्यानंतर काही महिन्यांनी एका लेखासाठी आकडे हवे होते म्हणून आम्हीच ती प्रत काढली. एका पानावर समासात बारीक पेन्सिलीने एक शब्द लिहिलेला होता: 'कोणाच्या?' आणि ओळीत एका शब्दाखाली रेघ. प्रबंध इंग्रजीत आहे. रेघ ज्या शब्दाखाली होती त्याचा मराठीत अर्थ 'दुर्दैवाने'. सारे वाक्य मराठीत असे होईल: १८३४ नंतर वेस्ट इंडीजमधील मागणी दुर्दैवाने झपाट्याने खालावली, तथापि व्यापाऱ्यांनी लवकरच बाल्टिक किनाऱ्यावर अधिक चांगली बाजारपेठ मिळविली.

१८३४ साली काय झाले हे वाचकांस ठाऊक आहे. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा १८३३ साली झाला आणि पुढल्या वर्षीच्या १ ऑगस्टपासून तो अमलात आला. त्यापूर्वी स्कॉटलंडच्या खाऱ्या हेरिंगचा मोठा हिस्सा वेस्ट इंडीजच्या बेटांना जात असे, विशेषतः क्लाइड नदीच्या मुखावरील बंदरांतून. तिथल्या मळेवाल्यांनी जमीन सारी उसाखाली घातली होती. उसाच्या मळ्यात राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांच्या आहारात काहीतरी मांस-मासळी हवी, आणि ती शक्य तितकी स्वस्त हवी. पूर्वी ती अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरून खाऱ्या कॉडच्या रूपाने येई. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर त्या व्यापारावर बंधने आली आणि स्कॉच हेरिंगचे दिवस फिरले. या बाजारास चांगला माल लागत नव्हता. आडमाप मीठ घातलेला, निवड न केलेला, युरोपात कोणी हात लावणार नाही असा माल तिकडे खपून जाई, कारण तो ज्याच्या पानात पडे त्याला नाकारण्याची सोय नव्हती. आयर्लंडच्या गरीब कुळांकडे जाणारे पिंपही फारसे निराळे नसे. तिथे बटाट्याच्या तोंडी लावण्यापुरते ते असे, आणि १८४५ नंतरच्या दुष्काळाने तोही बाजार बसला.

हे सारे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. हीच आमची अडचण आहे. ठाऊक नसते तर अज्ञान म्हणून सोडून देता आले असते. त्याच प्रकरणात चार पाने आधी गुलामगिरी रद्द करण्याच्या कायद्याचा साल, कलम आणि मळेवाल्यांस मिळालेली दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई, हे सारे तळटीपेसह दिलेले आहे. भरपाई मालकांस मिळाली, गुलामांस नव्हे, हेही दिलेले आहे. आणि त्यानंतर चार पानांनी आमच्या लेखणीतून तो शब्द निघाला. तो आम्ही विचार करून लिहिला नाही. वर्षानुवर्षे ज्या अहवालांत डोके खुपसून बसलो होतो ते पिंपे विकणाऱ्यांसाठी लिहिलेले होते. पिंप विकले गेले की अहवाल आनंदी होई, पडून राहिले की दुःखी. त्यांच्या सुखदुःखांची सवय आमच्या लेखणीला कधी जडली हे आम्हांस कळलेच नाही. आमच्या मार्गदर्शकांनी तो शब्द वाचला, दोन परीक्षकांनी वाचला, कोणी हटकले नाही. हटकले ते एका सुक्या मासळीच्या विक्रेतीच्या मुलीने, आणि तेही ग्रंथालयाचा नियम मोडून.

त्या आर्थिक घटनेचा अर्थही मग आम्हांस निराळा दिसू लागला. ज्याला आजवर मासळी वाटून दिली जात होती तो आता ती विकत घेणारा झाला. आणि विकत घेणारा निवड करतो. वाईट पिंप खपेनासे झाले ते या कारणाने. त्यानंतर स्कॉच व्यापाऱ्यांस चांगल्या मालावाचून गत्यंतर उरले नाही. मुकुटाच्या ठशाला, निवडीला, सफाईला जी किंमत आली ती बाल्टिकच्या चोखंदळ गिऱ्हाइकामुळे आली हे खरे, पण हलका माल खपविण्याची वाट बंद झाली हेही तिच्यामागे होते. आमच्या प्रबंधातील सर्वांत चांगले प्रकरण या ठशावर आहे. ठसा १८०९ च्या सुमारास सुरू झाला. तेव्हापासून वीस वर्षे सरकार पसंत पडलेल्या पिंपामागे अनुदानही देत असे. म्हणजे स्मिथच्या टीकेतून थोडा धडा घेऊन आता अनुदान गलबताला न देता मासळीला दिले गेले, आणि ते लागू पडले. हा मुद्दा खरा आहे, आम्ही तो सोडीत नाही. पण उत्तम पिंपावर ठसा उठत होता त्याच वर्षांत बिनठशाचे पिंप कुठे जात होते हा प्रश्न त्या प्रकरणात नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही पदरमोड करून स्कॉटलंडला गेलो. इतक्या वर्षांत गेलो नव्हतो हे सांगावयास लाज वाटते. परंतु आमच्या पिढीतल्या कित्येक प्राध्यापकांनी ज्या देशाचा इतिहास शिकविला तो देश पुस्तकातच पाहिला आहे. इन्व्हरनेसहून विक गावास जाणारी आगगाडी चार तासांहून अधिक वेळ घेते. हेल्म्सडेल येथे ती समुद्र सोडून किल्डोनन नावाच्या खोऱ्यात शिरते. खोरे सुंदर आहे आणि रिकामे आहे. १८१३ पासून पुढच्या काही वर्षांत सदरलंडच्या जहागिरीने तिथली माणसे उठवून मेंढ्या आणल्या. उठविलेल्यांपैकी काहींसाठी हेल्म्सडेल हे गाव आखले आणि त्यांना सांगितले, आता हेरिंग धरा. डोंगरात गुरे राखणाऱ्याने होडीत बसावे हा हुकूम होता. आमच्या प्रबंधात हे 'श्रमशक्तीचे किनाऱ्याकडे स्थलांतर' या शीर्षकाखाली आहे. खिडकीतून पाहता पाहता आम्ही आमच्या शीर्षकांची मनात उजळणी करीत होतो, आणि तो प्रवास त्यामुळे काहीसा लांबला.

विकच्या दक्षिणेस पुल्टनेटाउन ही वसाहत आहे. १७८६ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश फिशरीज सोसायटीसाठी टेलफर्ड या प्रसिद्ध स्थापत्यविशारदाने तिची आखणी केली. सरळ रस्ते, राखाडी दगडाची घरे, खाली बंदर. १८६० च्या दशकात एका हंगामात हजाराच्यावर होड्या इथे जमत. आम्ही पाहिले तेव्हा बंदरात चार-दोन होड्या आणि पुष्कळशा शौकिनांच्या नौका होत्या. तिथल्या वस्तुसंग्रहालयात जॉन्स्टन नावाच्या छायाचित्रकार घराण्याने १८६३ पासून तीन पिढ्या घेतलेली छायाचित्रे आहेत. त्यांतल्या एकात बंदर इतके भरले आहे की पाणी दिसत नाही. दुसऱ्यात पिंपांच्या रांगांपुढे बायका उभ्या आहेत: अंगावर मेणकापडाचे लांब पुढचे वस्त्र, डोक्याला रुमाल, आणि दोन्ही हातांच्या प्रत्येक बोटाला पांढऱ्या चिंध्या गुंडाळलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या.

आम्ही त्या छायाचित्रापाशी बराच वेळ उभे होतो म्हणून तिथल्या वृद्ध व्यवस्थापक बाई जवळ आल्या. त्यांची आजी यार्मथला जात असे. उन्हाळ्यात शेटलंड, मग हा किनारा, आणि शरदात आगगाडीने इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील यार्मथ व लोव्हस्टॉफ्ट. मासळीचा थवा जसा दक्षिणेस सरके तशा या मुली त्याच्यामागे जात. तिघींची एक टोळी, दोघी साफ करणाऱ्या आणि एक थर लावणारी. हिवाळ्यातच मुकादम येऊन विसार देई. विसार घेतला की हंगामभर बांधले गेले. मजुरी पिंपामागे आणि तिघींत वाटून. मासळी आली की रात्री दिव्याच्या उजेडात ती संपेतो उभे राहायचे. मासळी नसे तेव्हा बोटे मोकळी म्हणून चालता चालता विणकाम. जखमेत मीठ गेले की ती हंगामभर भरत नसे. त्या बाईंनी हे रडवेल्या सुरात सांगितले नाही. उलट आजी म्हणे ते आयुष्यातले सर्वांत मजेचे दिवस, कारण हातात स्वतःचे पैसे असत आणि घरची माणसे लांब असत. १९३६ साली यार्मथला याच बायकांनी पिंपामागे मजुरी वाढवून मिळावी म्हणून संप केला, आणि मासळी तर थांबत नाही, म्हणून मालकांची पाचावर धारण बसली. आमच्या प्रबंधाची सीमा १९१४ असल्यामुळे हा संप आमच्या हातून सुटला होता. पण १९१४ पूर्वीच्या हातांनाही आम्ही एकच रकाना दिला होता: 'खारवणीचा खर्च, दर पिंपामागे'.

आम्ही त्या बाईंना विचारले, चिंध्या कशाच्या असत? त्या म्हणाल्या, पिठाच्या पोत्यांच्या. हे आम्ही टिपून घेतले. मालवणला कशाच्या असतात हे विचारून घ्यावयास हवे असे मनात आले, आणि त्या मुलीचा पत्ता आपल्याजवळ नाही हेही तेव्हाच ध्यानात आले.

त्या व्यापाराचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगण्याजोगे आहे. १९०७ साली स्कॉटलंडाने पंचवीस लाख पिंपे खारविली. बहुतेक जर्मनी, पूर्व युरोप आणि रशिया इकडे गेली. ब्रेड किंवा बटाटा आणि त्याबरोबर एक खारा हेरिंग हे पोलंड-रशियातील गरिबाचे, विशेषतः तिथल्या ज्यू वस्त्यांतले, जेवण होते. मग १९१४ चे युद्ध आले व मासेमारीची वाफेची जहाजे आरमाराने घेतली. १९१७ साली रशियात क्रांती झाली, १९२३ साली जर्मन मार्क कवडीमोल झाला. दोन बड्या गिऱ्हाइकांनी सहा-सात वर्षांच्या अंतराने पाठ फिरविली, आणि पिंपे धक्क्यावर पडून राहिली. १९३५ साली सरकारने हेरिंगसाठी खास मंडळ नेमले, पण मंडळाने गिऱ्हाईक उत्पन्न होत नाही. दुसऱ्या युद्धाने पूर्व युरोपातील ती ज्यू वस्तीच नाहीशी केली. नंतर नवी जाळी आली, नवी इंजिने आली, आणि हेरिंगच इतका कमी झाला की १९७७ साली उत्तर समुद्रात तो धरण्यास बंदी करावी लागली. काही वर्षांनी ती उठली. या साऱ्याला 'दुर्दैव' म्हणावयाचे झाल्यास कोणत्या वाक्यात कोणाचे, हे आम्ही आता जपून लिहू.

विकला आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथल्या यजमानीणबाईंनी ओटाच्या पिठात घोळवून तळलेला हेरिंग न्याहरीस देऊ केला. पदवी ज्याच्या नावावर घेतली त्याला निदान एकदा चाखावे, असा विचार मनात आला नाही असे नाही. बशी समोर आली. वास आला. आमच्या मातोश्रींचा पदर डोळ्यांसमोर आला, आणि आम्ही टोस्ट व मुरंबा मागितला. यजमानीणबाईंनी काही मनाला लावून घेतले नाही. त्या म्हणाल्या, आमची मुलेदेखील खात नाहीत.

परत आल्यावर आम्ही ग्रंथालयात जाऊन ती प्रत पुन्हा काढली. तो शब्द खोडावा, असा हेतू होता. पण पुस्तकात लिहिणाऱ्यास पन्नास रुपये दंड, हा नियम ग्रंथालय समितीचा अध्यक्ष या नात्याने आम्हीच केलेला होता, आणि त्या नियमाखाली आम्ही कित्येक मुलांची खरडपट्टी काढली होती. शिवाय शब्द खोडला तर तिच्या प्रश्नाला अर्थ उरला नसता. तेव्हा शब्द तसाच ठेवून तिच्या 'कोणाच्या?' या अक्षरांखाली आम्ही पेन्सिलीने 'विकणाऱ्यांच्या' असे लिहिले, तारीख घातली, आणि प्रत घेऊन कारकुनाच्या टेबलाशी गेलो. त्याने पान पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि वरच्या अक्षराचा दंड कोणाकडून घ्यावा असे विचारले. दोन्हींचे आम्हीच देतो, म्हटले. त्याने शंभर रुपयांची पावती फाडली आणि कारणाच्या रकान्यात 'पुस्तकात लिहिणे, दोन वेळा' असे लिहून दिले.